पहिल्या पंगतीला कोण?

नवं कलासंग्रहालय उघडलं की वर्तमानपत्रात आधी इमारतीचा फोटो येतो. दगड कुठला, काच किती, वास्तुरचनाकार कोण, खर्च किती कोटी. मग फीत कापणारे हात. आत काय लावलंय ते शेवटच्या परिच्छेदात, 'अनेक मान्यवर चित्रकारांच्या कलाकृतींचा समावेश आहे' इतकंच. माझी खोड उलटी आहे. इमारत बरी-वाईट कशीही असो, पहिल्या प्रदर्शनात आत कोण आहे ते मी आधी बघतो. वास्तुशांतीच्या जेवणात पहिल्या पंगतीला कुणाला बसवलं यावरून घर कुणाचं ते कळतं. दारावरच्या पाटीवरून कळतंच असं नाही.

डिसेंबर आला की हा विषय माझ्या डोक्यात दरवर्षी उचल खातो. २०१६पासून पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो. मांडवीकाठची जुन्या मेडिकल कॉलेजची इमारत, जिथे आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना टाके घातले गेले, ती त्या दिवसांत चित्रांनी, पडद्यांनी, छतापासून लोंबणाऱ्या नाना वस्तूंनी भरून जाते. फोंड्याकडून, डिचोलीकडून, पार काणकोणहून माणसं येतात. ज्यांनी जन्मात चित्रप्रदर्शन पाहिलेलं नाही तीही येतात, फोटो काढतात, काही न कळता हसतात, आणि मधूनच एखाद्या चित्रापुढे बराच वेळ थांबतात. महोत्सव संपला की सगळं खोक्यांत भरून परत जातं. मग कुणीतरी विचारतंच, हे बाराही महिने का नाही? गोव्याला कलेची स्वतःची मोठी इमारत का नाही?

हवी, जरूर हवी. मी चाळीसेक वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आहे, मी कशाला नको म्हणू? पण पहिल्या दिवशी तिच्यात काय लावणार, एवढं आधी सांगा.

गोव्यात या प्रश्नाचं वय पावणेपाचशे वर्षं आहे. १५४७ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर दों जुवांव द काश्त्रो याने आपल्या आधीच्या सगळ्या गव्हर्नरांची पूर्णाकृती चित्रं करवून घेऊन राजवाड्यात लावायचं ठरवलं. काम सोपवलं गास्पार कोर्रेया या इतिहासकारावर, कारण त्याला रेखाटनाचं अंग होतं आणि त्या सगळ्या मंडळींना त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. ही हकीकत त्यानेच लिहून ठेवली आहे. आपल्या जोडीला इथलाच एक चित्रकार होता, तो उपजत हुशार होता, आणि त्याने चेहरे असे काढले की ज्यांनी त्या माणसांना पाहिलं होतं त्यांना ते तत्काळ ओळखू यावेत, असंही तो सांगतो. म्हणजे कोर्रेयाने आठवणीतून सांगायचं, आणि याने कधी न पाहिलेल्या, आपल्या भूमीवर राज्य करायला आलेल्या माणसांचे चेहरे उभे करायचे. गोव्यातल्या पहिल्या चित्रदालनाची ही जन्मकथा. कोर्रेयाचं नाव आपल्याला ठाऊक आहे, काश्त्रोचं आहे, चित्रांतल्या एकूणएक गव्हर्नरांची नावं चित्रांवरच लिहिलेली आहेत. त्या चित्रकाराचं नाव कुठेच नाही.

हा संग्रह पुढे प्रत्येक नव्या गव्हर्नराबरोबर वाढत गेला. राजधानी पणजीला सरकली तशी चित्रंही आदिलशहाच्या राजवाड्यात आली, आणि आता ती जुन्या गोव्यात पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात आहेत. वाटेत दर काही दशकांनी कुणीतरी त्यांवर नवे रंग चढवत गेलं. त्यामुळे आज आपण बघतो त्यात त्या पहिल्या हाताचं नेमकं किती उरलंय, हे चित्राकडे बघून सांगता येत नाही. मी मुलांना सहलीला न्यायचो तेव्हा त्या दालनात मुलं दोनच गोष्टींवर बोलायची, दाढ्या आणि तलवारी. एकदा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, हे सगळे एकाच माणसाने काढलेत का?" नाही, म्हटलं. "मग त्यांची नावं?" मी तिला कोर्रेयाची गोष्ट सांगितली. तिने वहीत लिहून घेतली आणि पुढे एका तलवारीचं चित्र काढलं. मुलांकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

कोर्रेयाच्या चित्रांनंतर वीस वर्षांनी झालेला एक ठराव मला त्यांच्याशेजारी ठेवावासा वाटतो. १५६७ मध्ये गोव्यात पाद्र्यांची पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली. तिने ख्रिस्ती लोकांना बजावलं की मूर्ती, क्रूस आणि पूजेच्या इतर वस्तू हिंदू कारागिरांकडून करवून घेऊ नयेत. अशी बंदी कधी घालावी लागते? गल्लोगल्ली तेच चाललेलं असतं तेव्हा. फर्मान निघालं म्हणून सोनार-सुतारांचे हात थांबले असतील यावर माझा विश्वास नाही, आणि जुन्या गोव्यातलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय बघितल्यावर तर मुळीच नाही. तिथल्या हस्तिदंती बाळयेशूकडे जरा निवांत बघा. मेंढपाळ झालेलं ते पोर डोळे मिटून बसलेलं असतं, गालाला हात लावून, पायांखाली डोंगराची उतरंड, तीत मेंढ्या आणि झरे. त्या मिटल्या डोळ्यांची ठेवण मी दुसरीकडे पाहिली आहे, आणि ती युरोपात पाहिलेली नाही.

हे संग्रहालय १९९४ मध्ये रायतूरच्या सेमिनारीत सुरू झालं, २००२ मध्ये सांता मोनिकाच्या मठात आलं, आणि मोठ्या डागडुजीनंतर २०२२ मध्ये नव्याने खुलं झालं. मठ सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. भिंती इतक्या जाड की मे महिन्यातसुद्धा आत शिरल्यावर अंगावरचा घाम सुकतो. मला विचाराल तर गोव्यातल्या सगळ्या संग्रहालयांत मांडणी इथलीच. वस्तू कमी, प्रत्येकीला मोकळी जागा, प्रकाश बेताचा. पेलिकन पक्ष्याच्या आकाराचं चांदीचं पूजापात्र आहे, त्याच्यापुढे मी प्रत्येक वेळी अडकतो. पक्ष्याची छाती, पिसं, चोच सगळं चांदीत ठोकून काढलेलं. हे ठोकणारा कोण होता? चांदीवर असं काम करणाऱ्यांची घरं आमच्याकडच्या कितीतरी देवळांच्या आसपास होती आणि आहेत. देवाचे मुखवटे, प्रभावळ, पालखीचे दांडे हेच लोक मढवत आले. उलट बाजूने बघायचं तर फोंड्याच्या देवळांचे घुमट, कमानी, सज्जे बघा. चर्च बांधणाऱ्या गवंड्यांचा हात तिथे लपत नाही. धर्म वेगळे केले गेले, पोर्तुगिजांनी देवळं पाडली म्हणून देव नदीपलीकडे फोंड्याकडे न्यावे लागले, पण कारागीर मात्र दोन्ही काठांवर काम करत राहिले असणार. आणि दोन्ही काठांवर त्यांची नावं राहिली नाहीत.

आता नावं असलेल्यांकडे येतो. तिथे वेगळीच गंमत आहे.

गोव्याने चित्रकार भरपूर दिले, पण ते दिले मुंबईला. इथे कला महाविद्यालय १९७२ मध्ये निघालं. त्याआधी ज्याच्या हातात काही होतं त्याने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची वाट धरली. आंतोनियो शावियेर त्रिंदाद १८७०चे, सांग्याचे. जे. जे.मध्ये शिकले, तिथेच शिकवलं. त्यांची चित्रं आज पणजीत फोंतेन्याशला फुंदासांव ओरियेंत या पोर्तुगीज संस्थेच्या घरात आहेत. आपल्या पत्नीचं, मुलींचं चित्र ज्या मायेने त्यांनी काढलंय ते बघायला तरी एकदा जा. आंजेलो द फोन्सेका १९०२चे, सांतेस्तेव्ह बेटावरचे. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकून आले आणि मेरीला साडी नेसवली. त्या काळच्या गोव्याला हे सोसलं नाही. ते पुण्याला गेले, आश्रमात राहिले, आयुष्य तिथेच काढलं. १९६७ मध्ये गेले. त्यांच्या पत्नीने जपलेला चित्रसंग्रह नंतर पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आला. साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि गोव्याच्या आईवडिलांच्या पोटी नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे, दोघेही १९२४चे. गायतोंड्यांचं मोठं सिंहावलोकन भरलं ते २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये. ते मी पाहिलं नाही. छापील पुस्तकात त्यांचे पिवळे-करडे रंग पाहिले, आणि छपाईत गायतोंडे येत नाहीत एवढं मला कळलं.

पण माझ्यासारख्या मराठी वाचणाऱ्या गोवेकराच्या घरात यांच्यापैकी कुणीच नव्हतं. घरात होते दलाल आणि मुळगावकर. दीनानाथ दलाल मडगावचे, १९१६चे. त्यांनी १९४५ मध्ये 'दीपावली' हा अंक सुरू केला, आणि मराठी पुस्तकांची किती मुखपृष्ठं केली याची गणती मी करत नाही. रघुवीर मुळगावकर अस्नोड्याचे. त्यांची लक्ष्मी, त्यांचा कृष्ण, त्यांचा दत्त कॅलेंडरवर यायचे, आणि वर्ष संपलं की आई तारखांचा भाग कापून चित्र चौकटीत घालायची. त्या देवांच्या अंगावरची झळाळी मला लहानपणी खरीच वाटायची, देव आहेत म्हणून चमकतात. पुढे कॉलेजात शिकलेल्या मित्रांनी नाकं मुरडली. कॅलेंडर आर्ट म्हणाले. मुरडोत. चित्र म्हणजे काय हे मला सूझांनी शिकवलं नाही, दलालांच्या रेषेने शिकवलं. बाईच्या खांद्यावरून उतरणारा पदर तीन फटकाऱ्यांत, आणि चौथा मारायचा मोह टाळलेला. वर्गात फळ्यावर खडूने ते करून दाखवायला जायचो. मला चार लागायचे.

तर कल्पना करा, नव्या इमारतीचं पहिलं प्रदर्शन. आमंत्रणपत्रिकेवर सूझा आणि गायतोंडे असणार, त्यात शंका नाही. विम्याची रक्कम त्यांचीच मोठी. दलालांचा मूळ कागद कुणी मागून आणेल का? मुळगावकरांचं कॅलेंडर भिंतीवर लागेल का? लागलं तर वर 'लोकप्रिय संस्कृती' अशी पाटी लागेल आणि ते कोपऱ्यात जिन्याखाली असेल, अशी मला दाट शंका आहे.

याबाबतीत सुबोध केरकरांना मानायला हवं. पेशाने डॉक्टर असलेल्या या चित्रकाराने २०१५ मध्ये पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत म्युझियम ऑफ गोवा उभं केलं. कारखान्यांच्या शेडमधून, ट्रकांमागून वाट काढत तिथे जावं लागतं. मला हे आवडलं. आजूबाजूला माणसं काहीतरी बनवतायत, त्यांच्यात हे एक. पहिल्या प्रदर्शनाचं नाव होतं 'गोपकपट्टणम'. जुवारीकाठी आज जिथे गोंय वेल्हा आहे तिथली कदंबांची ही राजधानी. कदंबांनी अकराव्या शतकात चांदरहून मुक्काम इथे हलवला आणि समुद्रावरून जगाशी व्यापार केला. म्हणजे पहिल्या पंगतीला त्यांनी कुठलाही व्हाइसरॉय बसवला नाही, बंदर बसवलं. केरकरांच्या प्रचंड मिरच्याही तिथे आहेत. मिरची पोर्तुगिजांबरोबर आली, हे आम्ही पाठ्यपुस्तकात वाचतो आणि विसरतो. माणसाच्या उंचीहून मोठी लालभडक मिरची समोर आली की विसरता येत नाही. काही कामं मला ढोबळ वाटतात, सांगायचं ते फार जोरात सांगतात. पण तिथे येणारी शाळेची पोरं कंटाळत नाहीत, आणि चित्रकलेच्या मास्तराला यापेक्षा मोठं मोजमाप नाही.

एवढं बोलून इमारतीला सोडून देता येत नाही, कारण गोव्यात इमारतीची खरी परीक्षा उद्घाटनाला होत नाही. उद्घाटन डिसेंबरात, परीक्षा जूनमध्ये. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, पुस्तकांची पानं लाटांसारखी होतात, कॅमेऱ्याच्या भिंगात जाळं धरतं. कागद आणि कॅनव्हास यांना हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास, आणि मुख्य म्हणजे स्थिर लागते. आमच्याकडे पावसाळ्यात ती नव्वदपर्यंत जाते. म्हणजे यंत्रं रात्रंदिवस चालायला हवीत, वीज गेली तर जनरेटर हवा, आणि जनरेटरच्या डिझेलचं बिल दहाव्या वर्षीही कुणीतरी मुकाट्याने भरायला हवं. फीत कापणाऱ्याला याचं बिल कुणी दाखवत नाही.

राज्य संग्रहालयाची पाट्टो इथली इमारत १९९६ मध्ये राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मांच्या हस्ते खुली झाली होती. दोन दशकांतच ती इतकी खराब झाली की संग्रह तिथून उचलून आदिलशहाच्या राजवाड्यात आणावा लागला. लाकडी मूर्ती, इन्क्विझिशनचं, म्हणजे पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाचं, ते भलंमोठं टेबल, लॉटरीची अवाढव्य यंत्रं, सगळं. चार शतकांचा राजवाडा उभा, आणि वीस वर्षांची इमारत बसली. कांपालची कला अकादमी चार्ल्स कोरियांची, १९८३ मध्ये पूर्ण झालेली, अतिशय देखणी. २०२३ च्या जुलैत, नूतनीकरण चालू असतानाच, तिच्या खुल्या रंगमंचाचं छत रातोरात खाली आलं. जुलैतच. मी काही अभियंता नाही, पण जुलैत काय असतं ते मला माहीत आहे.

म्हणून नवी इमारत बांधणाऱ्यांनी परदेशी कॅटलॉग चाळण्याआधी मोरजीला मोरजाईच्या देवळात जाऊन यावं. भिंतीवर तांबड्या-पांढऱ्या रंगांतली कावी कला आहे. शिंपल्यांचा चुना, नदीची धुतलेली वाळू आणि गूळ एकत्र कुटून मुरवायचे, त्याचा पांढरा गिलावा द्यायचा, त्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा तांबडा थर, आणि तो ओला असतानाच टोकदार लोखंडाने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. रंग वरून लावलेला नसतोच, भिंत स्वतःच चित्र असते. चुना ओल शोषतो आणि सोडतो, म्हणून ही चित्रं आमच्या पावसाला पुरून उरली. ती कुठे गेली असतील तर माणसांच्या हातून, जीर्णोद्धाराच्या नावाखाली. गुळगुळीत फरशी बसवली की पुसायला सोपं.

माझ्या यादीत पहिला नंबर याचाच. नव्या संग्रहालयात शिरल्याबरोबर एक भिंत कावीची असावी, आजच्या कारागिरांकडून करवून घेतलेली, आणि करताना लोकांना बघू द्यावी. तिच्या समोर त्या गव्हर्नरांपैकी एकाचा चेहरा, १५४७चा जो काही उरला असेल तो, पाटीवर कोर्रेयाचं वाक्य. मग हस्तिदंती बाळयेशू. मग कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांचा लाखकाम केलेला पाळणा, आणि पाळण्याजवळ चिताऱ्याचं नाव, गाव, वडिलांचं नाव. दलाल, फोन्सेका आणि सूझा एकाच भिंतीवर, उंचीला सारखे. भांडोत आपापसात. पाट्या कुठल्या भाषेत, यावर गोव्यात आंदोलन होऊ शकतं, त्यात मी आत्ता शिरत नाही.

आणि माटोळी. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला बांधलेली रानातली फळं, कंद, पानं. कवंडळ, कांगलां, घागऱ्यो, तोरिंगं, सुपारीची शिपटी. रंगसंगती अशी की कॉलेजात शिकवून येत नाही. पाचव्या-सातव्या दिवशी सुकते, विसर्जनानंतर उतरवतात. संग्रहालय ती ठेवणार कशी? ठेवू नये. दरवर्षी नवी बांधावी, आणि सत्तरीतून, काणकोणातून डोक्यावर टोपली घेऊन बाजारात बसणाऱ्या ज्या बाया ते रान उतरवतात त्यांना चित्रकाराइतकं मानधन द्यावं. नाव लिहायचंच झालं तर त्यांचं लिहावं.

माझा थोरला चुलतभाऊ माशेलजवळ गणपतीची चित्रशाळा चालवतो. साठेक वर्षांचे हात, नखांत कायमची चिकणमाती. आजोबांपासून मूर्ती करतात, आणि विसर्जनामुळे त्यांच्या घराण्याची एकही जुनी कलाकृती कुठेही अस्तित्वात नाही. परवा त्याला मी ही सगळी यादी वाचून दाखवली. उद्घाटनाला मंत्र्याऐवजी तुझ्यासारख्या चौघांना बोलावायला सांगतो, म्हटलं. तो डोळ्याची रेष ओढत होता. ती पूर्ण होईपर्यंत बोलला नाही. मग ब्रश पाण्यात बुडवत म्हणाला, "येतां मरे. पूण श्रावणांत दवरूं नाका म्हण तांकां. तेन्ना म्हाका हात धुवपाकूय वेळ ना."